तीन वर्षं हा आकडा कुठून आला?

मागच्या वेळी म्हटलं होतं की पुढची पोस्ट एरर बारवर असेल. ती थोडी पुढे ढकलतेय. फेब्रुवारीपासून आमच्या घरात आणि लॅबमध्ये एकच वाद चाललाय आणि तो लिहून काढल्याशिवाय माझं दुसरं काही लिहून होणार नाही, हे आता मला कळून चुकलंय. विषय कुस्तीचा आहे. रिसर्चच्या ब्लॉगवर कुस्ती कशाला, असं वाटेल. पण तुमच्यातल्या ज्यांना पेट द्यायचीय, सिनॉप्सिस लिहायचाय, त्यांनी जरा धीर धरून वाचा.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. नगरच्या (अहिल्यानगर म्हणायला अजून जीभ वळत नाही) वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. मी तात्यांबरोबर गेले होते. तात्या म्हणजे माझे चुलते. तरुणपणी तालमीत होते, यात्रेतल्या हगाम्यांत कुस्त्या मारलेल्या आहेत, अजूनही कान सांगतात. गादी विभागाची अंतिम कुस्ती लागली: डबल महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी ठरवलं. राक्षेचं म्हणणं होतं की माझे दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत, व्हिडिओ बघा. तो काही तिथे बघितला गेला नाही. बाचाबाची झाली, राक्षेनं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पोलीस मध्ये पडले. त्यानंतर किताबाची कुस्ती झाली, मोहोळ विरुद्ध महेंद्र गायकवाड. शेवटची काही सेकंदं उरली असताना गायकवाड एका गुणावरून भडकला आणि मैदान सोडून गेला. मोहोळला गदा मिळाली. पंचांशी हुज्जत घातल्याचा ठपका गायकवाडवरही आला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघानं दोघांनाही तीन-तीन वर्षांसाठी निलंबित केलं.

आता माझा कबुलीजबाब. पंचांचा हात वर गेला तेव्हा मी उभी राहून ओरडले होते, ‘पाठ लागली नाही!’ मी बसले होते तिथून मला लाल आणि निळा एवढंच दिसत होतं. खांदा कुठला आणि कोपर कुठला हेही कळत नव्हतं. तरी मी इतक्या खात्रीनं ओरडले की शेजारचे दोन काकाही माझ्या भरवशावर ओरडायला लागले. घरी येताना तात्या म्हणाले, ‘अगं, तुला काय दिसलं?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ पाच वर्षं एक्सआरडीचे आलेख वाचणारी बाई मी. नॉइजमधून पीक वेगळा काढायचा हे माझं रोजचं काम. आणि तिथे मी डेटाशिवाय निष्कर्ष काढला, वर तो पसरवलाही.

तर पहिली गोष्ट. त्या संध्याकाळी दोन वेगवेगळे प्रश्न होते. एक, चितपट झाली होती की नव्हती? दोन, पंचाला लाथ मारल्याबद्दल काय शिक्षा? हे दोन्ही प्रश्न एकमेकांवर अवलंबून नाहीत. चितपट झालेली नसली तरी लाथ ही लाथच. आणि लाथ मारली म्हणून चितपट सिद्ध होत नाही. पण नंतरचे दोन महिने जिल्ह्यात, टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जो काही गदारोळ चालला, त्यात हे दोन प्रश्न कुणी वेगळे ठेवले नाहीत. ज्यांना राक्षेवर अन्याय झाला असं वाटत होतं ते लाथेचं समर्थन करायला लागले. चंद्रहार पाटलांसारख्या, स्वतः दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या माणसानं तर लाथ काय, पंचाला गोळ्याच घालायला हव्या होत्या अशा अर्थाचं बोलून टाकलं. आणि ज्यांना लाथ आवडली नव्हती, त्यांना खांद्यांची चौकशी हा लाथ झाकायचा प्रकार वाटायला लागला. सिनॉप्सिसमध्ये दोन गृहीतकं एका वाक्यात कोंबली की गाइड लाल पेनानं का रेघ मारतात, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पहिल्या प्रश्नाकडे जरा बारकाईनं बघू, कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मजा तिथेच आहे.

फ्रीस्टाइलच्या नियमात चितपट म्हणजे काय? प्रतिस्पर्ध्यानं दोन्ही खांदे मॅटवर दाबून धरले पाहिजेत, आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ धरले पाहिजेत. म्हणजे नुसता स्पर्श पुरत नाही. ‘इतका वेळ’ म्हणजे किती सेकंदं, ते नियमात नाही. मोजमापाच्या व्याख्येतच मोजणारा माणूस बसवलेला आहे. म्हणूनच मॅटवरच्या पंचाला एकट्याला चितपट देता येत नाही, बाहेर बसलेला जज किंवा मॅट चेअरमन यांच्यापैकी एकाची संमती लागते. तिघांपैकी दोघांनी बघितलं पाहिजे. आपण तीन रीडिंग का घेतो? त्याच कारणासाठी.

आता व्हायरल व्हिडिओ. साधा मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. खांदा सेकंदाला एक मीटर वेगानं खाली येत असेल, तर दोन फ्रेमच्या मध्ये तो तीन सेंटिमीटरच्या वर सरकलेला असतो. आणि आपण वाद घालतोय खांदा मॅटपासून दोन बोटं वर होता की टेकला होता यावर. शिवाय कॅमेरा एक, बाजू एक. वरून किंवा तिरपं घेतलं तर टेकलेला खांदा आणि बोटभर वर असलेला खांदा एकसारखेच दिसतात, कारण खोली त्या चित्रात नसतेच. मला आलेल्या क्लिप्स दोन प्रकारच्या होत्या. एकीत पाठ लागलेली दिसते, दुसरीत दिसत नाही. दोन्ही पाठवणाऱ्यांनी खाली ‘स्पष्ट पुरावा’ असं लिहिलेलं होतं. कुणी कुठली क्लिप पुढे पाठवली हे तो कोणत्या तालुक्यातला आणि कोणत्या तालमीतला यावरून आधीच सांगता आलं असतं, पण ते जाऊ द्या.

तात्यांचं यावर वेगळंच. ते म्हणतात, मातीत असं होत नाही, मातीत पाठीला माती लागते, तिथे खोटं बोलताच येत नाही. गादीवर काय लागणार? ऐकायला फार छान वाटतं, माती म्हणजे नोंद ठेवणारं उपकरण. मी म्हटलं, ‘तात्या, मातीतला पैलवान सलामीलाच अंगभर माती चोळतो. मग पाठीची माती चितपटीची की सलामीची, हे कसं ओळखायचं?’ तात्या चहा प्यायला उठले. (याला आपण काय म्हणतो? बॅकग्राउंड सबट्रॅक्शन केलेलं नाही.)

स्लो मोशनबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०१६ साली पीएनएएस या जर्नलमध्ये कारुसो, बर्न्स आणि कॉन्व्हर्स यांचा पेपर आला. एकच घटना काही लोकांना नेहमीच्या वेगानं दाखवली, काहींना संथ गतीनं. संथ गतीनं बघणाऱ्यांना तेच कृत्य जास्त हेतुपुरस्सर वाटलं. कारण बघणाऱ्याला वाटतं की करणाऱ्याला विचार करायला तेवढा वेळ मिळाला होता. पडद्यावर किती सेकंदं गेली हे वर लिहून दाखवलं तरी परिणाम कमी झाला, गेला नाही. आता हे आपल्या प्रकरणाला लावा. पंचाचा निर्णय हजार वेळा स्लो मोशनमध्ये बघितलेल्या माणसाला काय वाटणार? ‘एवढं दिसत असून दिलं, म्हणजे मुद्दाम दिलं.’ चुकीपासून बेइमानीपर्यंतचा प्रवास तिथे होतो. आणि लाथेचंही तेच. ती स्लो मोशनमध्ये बघणाऱ्याला पैलवान थंड डोक्यानं लाथ मारताना दिसतो.

इथपर्यंत मी कुणालाच दोष देत नाहीये. गर्दी गर्दीसारखी वागली, मीही त्यातच होते. माझी तक्रार संघाच्या हिशेबाबद्दल आहे.

संघानं आधी पैलवानांना शिक्षा दिली. मग गादीवरच्या त्या निर्णयाच्या चौकशीसाठी समिती नेमली. काही आठवड्यांनी निष्पन्न असं झालं की निर्णय चुकला होता, आणि त्या कुस्तीच्या मुख्य पंचांनाही निलंबित केलं. किती वर्षांसाठी? तीन.

हे वाचलं तेव्हा मी लॅबमध्ये होते आणि खरंच मोठ्यानं हसले. पंचाला लाथ मारली, तीन वर्षं. मैदान सोडलं आणि हुज्जत घातली, तीन वर्षं. खांदे बघण्यात चूक झाली, तीन वर्षं. एखादा पीएच मीटर लिंबाच्या रसालाही सात, साबणाच्या पाण्यालाही सात आणि नळाच्या पाण्यालाही सात दाखवायला लागला, तर आपण काय करतो? एखादं रीडिंग बरोबर निघालं म्हणून उपकरणावर विश्वास ठेवत नाही. आधी बफर घेऊन कॅलिब्रेट करतो.

लाथेसाठी तीन वर्षं मला जास्त वाटत नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर मला राक्षेच्या बाजूची समजाल. याच खेळात, मे २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत सतेंदर मलिक या पैलवानानं पंच जगबीर सिंग यांना मारलं. तिथेही वादग्रस्त गुणावरूनच सुरुवात झाली होती. भारतीय कुस्ती महासंघानं त्याच्यावर आजीवन बंदी घातली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या आंखेल मातोसनं तायक्वांदोच्या पंचाच्या तोंडावर लाथ मारली, त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजीवन बंदी आली. त्या पट्टीवर ठेवलं तर नगरची शिक्षा सौम्यच म्हणायची. तात्यांचंही मत आजीवनच. ‘पंचाच्या अंगाला हात लावला की विषय संपला.’ पण मग मैदान सोडण्याला तेवढीच शिक्षा का? आणि पंचाच्या चुकीला? ती चूक प्रामाणिक होती की मुद्दाम केलेली, यावर सगळं अवलंबून आहे. मुद्दाम असेल तर तीन वर्षं फारच कमी. प्रामाणिक असेल तर तीन वर्षं भयंकर. मधला आकडा निवडला की दोन्ही बाजूंनी चुकतो.

संशोधनातल्या गैरप्रकाराच्या व्याख्या शोधा, पेटला येतातच. डेटा बनवणं, डेटात फेरफार करणं, दुसऱ्याचं चोरणं. अमेरिकी सरकारच्या व्याख्येत तर पुढे स्पष्ट लिहिलंय की प्रामाणिक चूक आणि मतभेद हे गैरप्रकारात मोडत नाहीत. हे वाक्य नसतं तर एकही विद्यार्थी चुकीचं रीडिंग कबूल करायला पुढे आला नसता. उद्या अवघड चितपट समोर आली की पंच काय करेल? हात वरच करणार नाही. गुणांवर निकाल लागू दे म्हणेल.

मला हे जरा लागतं, त्याला कारण आहे. एमएस्सीला असताना एका प्रॅक्टिकलला माझं आणि माझ्या मैत्रिणीचं टायट्रेशनचं उत्तर दशांशापर्यंत एकसारखं आलं, आणि दोघींचंही चुकीचं. कॉपी म्हणून दोघींना शून्य. पंधरा दिवसांनी कळलं की त्या दिवशीचं स्टॉक सोल्यूशनच चुकीचं बनवलेलं होतं आणि त्या टेबलावरच्या सगळ्यांचीच उत्तरं तशी होती. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधलं बरोबर उत्तर लिहून टाकलं होतं. म्हणजे ज्यांनी कॉपी केली ते सुटले. शून्य काही बदललं नाही, कारण मार्क वर गेलेले होते. आधी शिक्षा आणि मग चौकशी याचा अर्थ मला तेव्हाच कळला: चौकशीतून काहीही निघालं तरी ते ठेवायला जागाच उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, भर मैदानात लाथ मारलीय, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलीय, संघानं हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. लगेच काहीतरी करायलाच हवं होतं. पैसेवाल्या, व्यावसायिक खेळात हे कसं करतात, ते बघायला मी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग घेतली. तिथे अशा प्रकरणांची नोंद भरपूर आहे आणि आकड्यांत आहे.

१ डिसेंबर १९९७ ला लाट्रेल स्प्रीवेल या खेळाडूनं सरावात आपल्या प्रशिक्षकाचा गळा धरला. दोन दिवसांत संघानं त्याचा करारच रद्द केला आणि लगेच लीगनं वर्षभराची बंदी घातली. घाई म्हणाल तर नगरइतकीच. पण खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली. जॉन फीरिक या लवादानं मार्च १९९८ मध्ये निकाल दिला: करार पुन्हा लागू, बंदी त्या हंगामापुरती, म्हणजे ६८ सामन्यांची. गळा धरला नाही असं तो म्हणाला नाही. एकाच कृत्याला दोन शिक्षा आणि त्याही मोजमापाच्या बाहेरच्या, असं म्हणाला. पुढे १९ नोव्हेंबर २००४ ला डेट्रॉइटजवळच्या मैदानात खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात मोठी मारामारी झाली. रॉन आर्टेस्ट गॅलरीत घुसून प्रेक्षकांना भिडला. दोनच दिवसांत शिक्षा जाहीर झाल्या. आर्टेस्टला उरलेला अख्खा हंगाम, स्टीफन जॅक्सनला ३० सामने, जर्मेन ओनीलला २५, बेन वॉलेसला ६. प्रत्येकानं काय केलं त्याप्रमाणे आकडा वेगळा. हे प्रकरणही लवादाकडे गेलं. ओनीलचे २५ चे १५ झाले, आर्टेस्टचा एकही दिवस कमी झाला नाही.

मला यातली सौम्यता किंवा कडकपणा महत्त्वाचा वाटत नाही. दुसऱ्या माणसानं तोच डेटा घेऊन पुन्हा मोजणी केली, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर ती कशी जुळली नाहीत हे लिहिलं, ही गोष्ट महत्त्वाची. अर्थात एनबीएच्या खेळाडूंची संघटना तगडी आहे, वकील आहेत, करार आहेत. आपल्या पैलवानाकडे काय आहे? वस्ताद, गाव आणि खुराकाचा खर्च. ते काही सारखं नाही, मला माहितीय. पण शिक्षांचं कोष्टक छापायला वकील लागत नाही.

पंचांच्या बाबतीतही तिथलं एक बघा. २००७ च्या एप्रिलमध्ये जोई क्रॉफर्ड या पंचानं बाकावर बसून हसणाऱ्या टिम डंकनला बाहेर काढलं. लीगनं क्रॉफर्डला उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं, ते त्याच्या वागणुकीबद्दल. चुकीच्या निर्णयांसाठी वेगळी सोय आहे. २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर होतो: हा निर्णय बरोबर, हा चूक, हा द्यायला हवा होता पण दिला नाही. सामन्याचा निकाल बदलत नाही. पंचाला फाशी नाही. फक्त चूक लिहिली जाते. तिथल्या खेळाडूंना तो अहवाल फारसा आवडत नाही (चूक कळून उपयोग काय, म्हणतात) आणि पंचांना त्याहून नाही. पण संशोधकाला विचारा, तो म्हणेल हा डेटा सोन्याच्या भावाचा आहे.

कारण पंच विकला गेला होता, हे आपण किती सहज म्हणतो! ते तपासायचं कसं? जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी एनबीएच्या तेरा हंगामांचे आकडे घेऊन बघितलं की पंच आपल्या वंशाच्या खेळाडूंना झुकतं माप देतात का. पंचांच्या तुकड्या सामन्यांना वंश बघून दिल्या जात नाहीत, त्यामुळे हा जवळजवळ आपोआप झालेला प्रयोगच होता. फरक सापडला, लहान पण सातत्यानं दिसणारा. लीगनं तो नाकारला. २००७ मध्ये त्यावर वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, आणि पुढच्या वर्षांचे आकडे त्यांनी परत तपासले तेव्हा तो फरक नाहीसा झाला होता. आता महाराष्ट्र केसरीचा विचार करा. १९६१ पासूनची स्पर्धा. कोणत्या कुस्तीला कोण पंच, किती गुण कधी दिले, किती वेळा हरकत आली, किती वेळा ती मान्य झाली, हे सगळं एका जागी वहीत उतरवून ठेवलेलं असतं तर जिल्ह्यातल्या एखाद्या एमएस्सीच्या पोरानं दिवाळीच्या सुट्टीत बसून सांगितलं असतं की पंच झुकतात की नाही. तुमच्यापैकी कुणी क्रीडाशास्त्रात विषय शोधत असेल तर हा फुकट देते. डेटा गोळा करायला दोन वर्षं जातील, गाइड आधी नाही म्हणतील.

मग त्या रात्री संघानं काय करायला हवं होतं? माझं उत्तर आपल्याच धंद्यातलं आहे. एखाद्या प्रसिद्ध झालेल्या पेपरवर गंभीर शंका आली की चांगलं जर्नल दुसऱ्या दिवशी तो मागे घेत नाही. आधी एक छोटी सूचना छापतं: या पेपरबद्दल चौकशी सुरू आहे, वाचकांनी सांभाळून वापरावा. चौकशी संपली की मग पेपर मागे घ्यायचा, दुरुस्त करायचा किंवा सूचना काढून टाकायची. तसंच इथे करता आलं असतं. चौकशी होईपर्यंत दोन्ही पैलवान आणि संबंधित पंच, तिघांनाही तात्पुरतं बाजूला ठेवायचं. प्रश्न तीन आहेत, म्हणून उत्तरंही तीन, आणि प्रत्येकाला बोलायची संधी. मग आकडा.

यूजीसीचे २०१८ चे वाङ्‌मयचौर्याचे नियम तुम्हाला पाठच असतील. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध देता येणार नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. आधी विभागाची समिती, मग संस्थेची समिती, आणि विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा नाही. हे नियम काही आदर्श नाहीत. टक्केवारी मोजतं सॉफ्टवेअर, त्याला प्रयोगाच्या पद्धतीतली ठरलेली वाक्यं आणि चोरलेले निष्कर्ष यांतला फरक कळत नाही, यावर मी आधी एकदा चिडून लिहिलंच आहे. पण निदान पायऱ्या आहेत, आणि त्या पाऊल टाकायच्या आधी वाचता येतात. कुस्तीच्या आखाड्यात उतरणाऱ्या पोराला कॉलरला किती आणि लाथेला किती, हे आधी माहीत असायला नको का?

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे आणि तो फक्त आपल्याकडचाच आहे. बंदी म्हणजे नक्की कुठून बंदी? राज्यात कुस्तीच्या दोन संघटना आहेत. भारतीय कुस्ती महासंघानं २०२२ मध्ये जुन्या कुस्तीगीर परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली, तेव्हापासून संघ आणि परिषद हा वाद सुरू आहे. दोघंही आपापली महाराष्ट्र केसरी घेतात. शिवराज राक्षेचे दोन किताबही एक इकडचा आणि एक तिकडचा, जानेवारी २०२३ चा पुण्यातला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधला धाराशिवचा. वाडिया पार्कवर हा सगळा प्रकार झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, मार्च २०२५ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात कर्जतला परिषदेची महाराष्ट्र केसरी झाली आणि सोलापूरच्या वेताळ शेळकेनं ती जिंकली. म्हणजे एका जिल्ह्यात, एका हिवाळ्या-उन्हाळ्यात, दोन महाराष्ट्र केसरी. एका संघटनेनं घातलेली बंदी दुसरीनं पाळायची की नाही, हे ठरवणारं त्यांच्यावर कोण? वर महासंघ, तर तोही फेब्रुवारीत त्या कुस्तीच्या दिवशी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या निलंबनाखालीच होता. ते निलंबन उठलं १० मार्चला. निलंबितांच्या राज्यातून निलंबनाचे आदेश निघत होते. लवाद मागायचा तरी कुणाकडे?

हे सगळं तात्यांना वाचून दाखवलं. एनबीएच्या भागाला त्यांनी एकदा जांभई दिली, बाकी नीट ऐकलं. मग म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे. पण पाठ लागली होती का नव्हती, ते सांग.’ मी म्हटलं, ‘माझ्याकडच्या व्हिडिओवरून सांगता येत नाही, तात्या.’ ‘मग पाच वर्षं काय शिकतीयेस?’

एरर बारची पोस्ट पुढच्या रविवारी. तोवर वरचं ३३ मिलिसेकंदांचं गणित ६० आणि १२० फ्रेमसाठी करून ठेवा, तिथूनच सुरुवात करू.